परत का नाही केली?

लग्नाच्या पंगतीत चौथा घास तोंडात असताना कोणीतरी विचारतंच, "भाऊ, ती तीनचाकी परत काबर नई करी?" परवा एका शाळकरी पोरीने विचारलं. मी घरी केलेली ती गाडी उलटली तेव्हा या पोरीची आई शाळेत असेल. प्रश्न पुढच्या पिढीत गेला, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

आजवरची माझी उत्तरं तुम्हाला पाठ आहेत. पैसा नव्हता. घरी केलेल्या गाडीला नंबर मिळत नाही. ट्रॉल्यांच्या वेल्डिंगमधून वेळ मिळत नाही. तिन्ही खरी आहेत, पण त्यांतल्या एकाही कारणाने मी थांबलेलो नाही.

एरंडोल तालुक्याबाहेरच्यांसाठी एवढंच सांगतो. 1994 साली भंगारातल्या स्कूटरचं दीडशे सीसीचं इंजिन, पाण्याचे पाइप आणि पत्रा यांची मी एक गाडी केली. पुढे एक चाक, मागे दोन. इंजिन माझ्या पायांशी, आणि तिथून मागच्या एकाच चाकाला चेन, कारण वळणावर मागची दोन चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा डिफरन्शियल आणायचा कुठून? पैसे आप्पांनी, माझ्या वडिलांनी, कापसाच्या पट्टीतून दिले. रिव्हर्स नव्हता, उतरून ढकलायची. यावर गाव फार हसलं. आइल ऑफ मॅन बेटावर 1962 साली निघालेल्या पील पी-50 या एका माणसाच्या गाडीलाही रिव्हर्स नव्हता. मागे दांडा होता, तो धरून उचलायची नि फिरवायची. तिला लोक आज संग्रहालयात बघायला जातात. असो.

पुढे एकच चाक का, हेही विचारता. तेव्हा मी ऐटीत सांगायचो की कार्ल बेंझच्या 1886 च्या पहिल्या मोटारीलाही तीनच चाकं होती. ते खरंच आहे. पण बेंझने पुढे एक चाक ठेवलं ते हौसेने नव्हे. पुढची दोन चाकं वळणावर वेगवेगळ्या कोनात फिरवावी लागतात, आणि ते त्याला तेव्हा मनासारखं जमलं नव्हतं. जमल्यावर, 1893 मध्ये, त्याने चारचाकी काढली. मलाही जमलं नव्हतं. फरक इतकाच की मी तिथेच थांबलो आणि अडचणीला डिझाइन म्हणू लागलो.

धुळ्याच्या एका मिस्तरीने फ्रेम बघूनच सांगितलं होतं, "पुढे एक चाक आणि वजनही पुढे? वळणावर ब्रेक दाबलास की तोंडावर पडशील." त्याने जमिनीवर खडूने त्रिकोण काढला. वजन त्रिकोणाच्या आत आहे तोवर गाडी उभी. ब्रेक वजनाला पुढे ढकलतो, वळण बाहेर ढकलतं, आणि पुढे तर त्रिकोण टोकाला निमुळता. तेच पुढे दोन चाकं ठेव, रुंद बाजू पुढे येईल. मी म्हटलं, रिक्षा काय उलटतात का रोज? तो म्हणाला, रिक्षाचं इंजिन मागे असतं, आणि रिक्षावाल्याला अक्कल असते. मला राग आला. त्रिकोण मी पायाने पुसला.

संकष्टीला आप्पांना घेऊन डोंगरावरच्या पद्मालयाच्या गणपतीला गेलो. चढताना गाडी कण्हत होती, आप्पा तिला बैलाशी बोलावं तसं बोलत होते. दर्शन झालं, तळ्याच्या काठी शेंगा खाल्ल्या. उतरताना मी गिअर काढून गाडी न्यूट्रलवर सोडली. पेट्रोल वाचावं म्हणून नव्हे. आप्पा मागून ओरडत होते, "भारी पयी राहिनी रे!" (मस्त पळतेय रे!) आणि असा आनंद त्यांच्या आवाजात मी कधी ऐकला नव्हता. शाळेत नापास झालो, धाकटा भाऊ शिकला, मी लोखंडात राहिलो. त्या दिवशी मागून येणारा तो आवाज मला थांबवायचा नव्हता. मग उजवं वळण आलं. मी ब्रेक दाबला, आणि मागचं उजवं चाक उचललेलं मला आधी बुडाला कळलं, मग दिसलं. उलटणं सावकाश असतं हो. हँडल हातात होतं, पण ते कशालाच जोडलेलं नसल्यासारखं. आम्ही डाव्या अंगावर आडवे झालो. पत्रा घासत गेला तो आवाज वेल्डिंग करताना मला अजून येतो. माझं फक्त कोपर सोललं. आप्पा खाली होते. गळ्याजवळचं हासळीचं हाड आणि खांदा.

दवाखान्यात लोक जमले तेव्हा आप्पांनी सांगितलं, "कुत्रं आडवं आलं." तुम्हा सगळ्यांना हेच माहीत आहे.

कुत्रं नव्हतं.

मी स्वतःपुरतं दुसरंच कारण धरलं होतं: रस्त्यावरची बारीक खडी. वर्षानुवर्षं ते पुरलं. अमेरिकेत बकमिन्स्टर फुलर या संशोधकाची डायमॅक्सियन ही तीनचाकी मोटार 1933 साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाबाहेर उलटून चालक गेला. दुसऱ्या एका मोटारीचा संबंध होता, आणि ती पोलीस येण्याआधीच हलवली गेली, असं फुलरच्या बाजूने सांगतात. मी हे चहाच्या टपरीवर टेबल आपटून सांगायचो. पण तिचं वळण मागच्या एकुलत्या चाकावर होतं. जागच्या जागी गिरकी घ्यायची, पण वेगात सांभाळायला अवघड. हा भाग मी गाळायचो. त्याची ती दुसरी मोटार, माझी ती खडी.

काहीजण कौतुकाने मला 'खानदेशचे शंकरराव' म्हणतात. नका म्हणू. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी 1949 साली 'मीरा' ही छोटी मोटार घडवली आणि पुढे कित्येक वर्षं तिच्यात बदल करत राहिले. मी एकदाच केली.

शेडमध्ये एका मोडीतल्या गाडीचे पुढची चाकं बसवायचे दोन हब आणि ती वळवायचे टाय रॉड पडून आहेत, चार वर्षं झाली. बायकोला वाटतं भंगार आहे. मेसरश्मिटच्या केआर-200 या जुन्या जर्मन तीनचाकीची मापंही काढून ठेवलीत. पुढे दोन चाकं, मागे एक. टू-स्ट्रोक इंजिन बंद करून उलटं सुरू करायचं, की चारही गिअर रिव्हर्सचे! हे तेव्हा कळलं असतं तर. पण पुढे दोन चाकं लावून गावात आणली, की पहिला प्रश्न येणार: आता दोन का? मग कुत्र्याचं काय करायचं? हेच कारण आहे असंही छातीठोक म्हणत नाही. कदाचित मी नुसता घाबरलो असेन, आणि आप्पांच्या आड लपतोय.

आप्पांचा डावा हात अजून कानाच्या वर जात नाही. त्यांना आता फोनवरचं दिसत नाही, नातू वाचून दाखवतो. हेही दाखवेल. कुत्र्याचा भाग गाळ, असं मी त्याला सांगितलेलं नाही.