तुम्ही विचारलंत म्हणून: सिकलसेल आणि ‘थकलेली’ अ‍ॅड्रिनल

‘सततच्या ताणाने अ‍ॅड्रिनल थकली असेल का?’ सिकलसेल (तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या होणारा आनुवंशिक आजार) असलेले आणि त्यांच्या घरचे हे इतक्यांदा विचारतात, की उत्तर तोंडपाठ झालंय. नाही, मूत्रपिंडावर बसलेली ही हार्मोन बनवणारी ग्रंथी ताणाने थकत नाही. ‘अ‍ॅड्रिनल फटीग’ हे निदान हार्मोनतज्ज्ञ मानत नाहीत. त्या नावाने खपणाऱ्या गोळ्या तर घेऊच नका, काहींमध्ये लेबलवर न लिहिलेलं स्टिरॉइड सापडलंय. ताणाचा आणि दुखण्याचा संबंध नाही असं मात्र मी म्हणत नाही. घाबरलं की बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि विळ्याच्या आकाराच्या पेशी तिथेच अडकतात. पण त्यात ग्रंथीचा दोष नाही, ती तिचं काम करत असते.

पूर्वी मी एवढ्यावर थांबत असे. आता थांबता येत नाही, कारण ग्रंथी थकत नसली तरी गप्प बसते, आणि तिला गप्प बसवणारी बहुतेकदा आपलीच औषधं असतात. मॉर्फिनसारखं ओपिऑइड (अफूच्या वर्गातलं तीव्र वेदनाशामक) महिनोन्‌महिने चाललं की मेंदूकडून ग्रंथीला येणारा एसीटीएच या हार्मोनचा निरोप क्षीण होतो आणि ताणाशी झुंजायला लागणारं कॉर्टिसॉल हे हार्मोन कमी बनतं. तीन-चार आठवड्यांहून जास्त प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड घेऊन एकदम बंद केलं तरी तेच. वारंवार रक्त चढवून साचलेलं लोह पिट्युटरीतही, म्हणजे हा निरोप धाडणाऱ्या मेंदूतल्या ग्रंथीतही, जाऊन बसतं.

चुकतं ते असं. माणूस क्रायसिस, म्हणजे सिकलसेलचा तीव्र दुखण्याचा झटका, म्हणून दाखल होतो. सांधे दुखतायत, पोट दुखतंय, उलट्या, ताप. बीपी ८४/५०, सिकलसेलवाल्यांचं कमीच असतं म्हणून सोडून दिलं जातं. सोडियम १२६, म्हणजे कमी, उलट्यांमुळे. साखर ५८, तीही कमी, पोटात काही नाही म्हणून. प्रत्येक आकड्याला सोयीचं कारण मिळतं, म्हणून तिन्ही एकत्र कुणी बघत नाही. सलाईन देऊनही बीपी उठत नाही, आणि जास्त सलाईन फुप्फुसांना महागात पडतं. दुखतंय म्हणून मॉर्फिन वाढवतात, बीपी आणखी खाली येतं. ग्रंथीच बिघडली की पोटॅशियम वाढतं; इथे ते नॉर्मल, म्हणून अ‍ॅड्रिनलचं नाव कुणी घेत नाही. पण निरोपच तुटलेला असतो तेव्हा पोटॅशियम आवरणारं ग्रंथीचं दुसरं हार्मोन, अल्डोस्टेरॉन, चालूच राहतं, पोटॅशियम वाढतच नाही. अशा वेळी कॉर्टिसॉल आणि एसीटीएचसाठी रक्त काढायचं आणि रिपोर्टची वाट न बघता मोठ्या माणसाला हायड्रोकॉर्टिसोन (कॉर्टिसॉलची जागा घेणारं स्टिरॉइड) १०० मिलिग्रॅम शिरेतून द्यायचं.

‘मग क्रायसिसमध्ये सगळ्यांनाच स्टिरॉइड का नाही?’ कारण साध्या क्रायसिसमध्ये ते थांबवलं की दुखणं उसळून परत येतं. अमेरिकन सोसायटी ऑफ हेमॅटॉलॉजीचा २०२० चा सल्लाही तीव्र दुखण्यात ते देऊ नये असाच आहे. कमी असलेलं भरून देणं वेगळं आणि पुरेसं असताना वरून ओतणं वेगळं. रात्री दोन वाजता हा फरक दर वेळी ओळखता येतो, असा दावा मी करणार नाही.

म्हणून तपासणी बरं असताना करा, सकाळी ८ च्या सुमारास. कॉर्टिसॉल ३ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असेल तर कमतरता जवळजवळ नक्की, १५ च्या वर असेल तर शक्यता कमी. मधल्यांसाठी सिनॅक्थेनचं (कृत्रिम एसीटीएचचं) २५० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन आणि ३० व ६० मिनिटांनी पुन्हा रक्त. प्रेडनिसोलोन चालू असेल किंवा इस्ट्रोजेनच्या गोळ्या असतील तर आकडा खोटाच वर दिसतो, ते आधी सांगा. रात्रभर दुखण्याने जागलेल्या माणसाचा सकाळचा आकडाही जपून वाचावा लागतो.

कमतरता निघाली तर हायड्रोकॉर्टिसोन चुकवायचं नाही, तापात डोस दुप्पट-तिप्पट करायचा, आणि गोळी उलटून पडत असेल तर घरी न थांबता इंजेक्शन घ्यायचं.

‘मग मॉर्फिन बंद करू?’ एकदम तर मुळीच नाही. डोस कमी झाला की निरोप बहुतेकदा परत सुरू होतो, हे खरं. पण कॉर्टिसॉलचा आकडा सुधारावा म्हणून कुणाचं दुखणं अंगावर काढू द्यायचं का, यावर माझं हार्मोनतज्ज्ञांशी अजून पटत नाही.