कॅरिना तेजोमेघ, सिन्नरच्या दक्षिणेकडून: दोन रात्रींची नोंद

कॅरिना तेजोमेघाचं (एनजीसी ३३७२) डेक्लिनेशन, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचं अंतर, उणे ६० अंश, नाशिकचा अक्षांश २०. म्हणजे ऐन दक्षिणेला आल्यावरही तेजोमेघ जेमतेम १० अंशांवर. क्षितिजापासून हात लांब करून धरलेल्या मुठीएवढाच उंच. ८ अंशांच्या वर तो तीनच तास असतो. मार्चच्या सुरुवातीला साडेबाराच्या आसपास तो सर्वांत वर येतो, १० एप्रिलला दहाच्या सुमारास.

म्हणून जागा आधी, कॅमेरा नंतर. शहराचा उजेड पाठीशी हवा. घोटीकडचं आकाश काळं आहे खरं, पण कळसूबाईच्या रांगेला चिकटून बसलात तर संपलं: दोन किलोमीटरवरचा ३०० मीटर उंच डोंगर साडेआठ अंश खातो. सिन्नर ओलांडून संगमनेरच्या दिशेला दक्षिण क्षितिज बरंच मोकळं आहे.

आतापर्यंत: २०० मिमी लेन्स, एफ/४, आयएसओ १६००, ट्रॅकरवर (आकाशाबरोबर कॅमेरा फिरवणारं यंत्र) ६० सेकंदांच्या २१४ फ्रेम. वापरल्या १३१. बाद झालेल्या बहुतेक ८ अंशांखालच्या. १० अंशांवर प्रकाश डोक्यावरच्यापेक्षा साडेपाच पट हवेतून येतो, आणि मार्च-एप्रिलमध्ये घाटाकडे राब भाजतात (शेतात पालापाचोळा जाळतात), तो धूर नेमका क्षितिजालगत साचतो. निळा आधी मरतो. हायड्रोजन-अल्फाचा, म्हणजे तेजोमेघातल्या हायड्रोजनचा, लाल (६५६ नॅनोमीटर) त्यामानाने तग धरतो. पण कारखान्यातून आलेल्या कॅमेऱ्यातला फिल्टर तोच लाल अडवतो. तो फिल्टर काढलेली बॉडी मिळाली तर इथे तिचं सोनं होतं.

ताऱ्यांना वर निळी, खाली लाल कड दिसते. फोकसशी झटापट करू नका, ते हवेचं वक्रीभवन आहे. लाल, हिरवा, निळा चॅनल वेगळे करून जुळवले की कड जाते.

ध्रुव २० अंशांवरच असल्यामुळे ट्रॅकरचा वेज (त्याला ध्रुवाकडे कलवणारी बैठक) बराच खाली झुकतो आणि काउंटरवेट (तोल साधणारं वजन) ट्रायपॉडच्या पायाला घासतं. एक पाय बरोबर दक्षिणेला ठेवला की वजनाला दोन पायांमधली मोकळी जागा मिळते.

फ्रेम लावताना तेजोमेघातला ईटा कॅरिनी हा तारा शोधत बसू नये, तो जेमतेम चौथ्या प्रतीचा आहे. (१८४३ मध्ये व्याधाखालोखाल तेजस्वी होता, पण त्याचा आज काय उपयोग!) दुर्बिणीतून एनजीसी ३५३२ हा तारकागुच्छ सहज सापडतो, तेजोमेघ तिथून तीन अंश पश्चिमेला.

स्टॅकमध्ये (सगळ्या फ्रेम एकत्र केलेल्या चित्रात) कीहोलची, म्हणजे तेजोमेघातल्या किल्लीच्या भोकासारख्या भागाची, काळी खाच ओळखू येते, बाहेरची लाल झालर मात्र पार्श्वभूमीत बुडालेली आहे. पुढच्या अमावास्येला ड्युअल-बँड फिल्टर (प्रकाशाचे दोनच अरुंद पट्टे आत सोडणारा) लावून १२० सेकंदांच्या फ्रेम, त्याही फक्त मधल्या दोन तासांत.