गुरुजींचे चौदा लाख

2025 चा जुलै. आयकर विवरणपत्रांची मुदत 15 सप्टेंबरपर्यंत वाढवून मिळालेली, त्यामुळे तासगावच्या आमच्या सीए ऑफिसात नेहमीची झुंबड नव्हती. अण्णा आले ते भावाला आणि पोराला घेऊन. आल्या आल्या पिशवी टेबलावर उपडी केली. सातबारे, आठ-अ, बेदाण्याच्या सौद्याच्या पट्ट्या, कोल्ड स्टोरेजच्या पावत्या.

"साहेब, पोराचं इंग्लंडचं जमलंय. दोन कोटींचं नेटवर्थ सर्टिफिकेट द्या."

मालमत्तेचा तो दाखला द्यायला माझं काय जातं? मूल्यांकन मागवायचं, दाखल्याचा नोंदणी क्रमांक, यूडीआयएन, काढायचा, सही करायची, फी घ्यायची. अमेरिकेच्या व्हिसाला असला कागद फाइलीत लावतात, थोडाफार उपयोगही होतो. इंग्लंडच्या स्टुडंट व्हिसाला शून्य. तिथं जमीन, शेअर, पीएफ, सोनं यातलं काहीच धरत नाहीत. लागते ती रोकड, तीही मुलाच्या किंवा आईवडिलांच्या खात्यात, सलग 28 दिवस. मधे एका दिवशी जरी शिल्लक ठरलेल्या रकमेखाली गेली, तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

आकडा मांडला. पोरगं शेफील्डला जाणार, म्हणजे लंडनबाहेर. राहण्याखाण्याचे तेव्हा महिना 1,136 पाउंड, नऊ महिन्यांचे 10,224. भरायची राहिलेली फी 12,000 पाउंड. पाउंड तेव्हा 117 रुपयांच्या आसपास होता. सगळे मिळून 26 लाख.

"हायेत की," अण्णा म्हणाले. "चौदा माझी ठेव, चौदा गुरुजींची."

गुरुजी म्हणजे त्यांचे थोरले बंधू, जिल्हा परिषदेचे निवृत्त शिक्षक. पैसे होते, पण नियमाच्या दृष्टीनं दोन्ही नव्हते. अण्णांची ठेव गावच्या पतसंस्थेत. पतसंस्था सहकार खात्याकडे नोंदलेली, रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली नाही. तिचा दाखला व्हिसा देणाऱ्या ब्रिटिश होम ऑफिसपुढे टिकायचा भरवसा मी देणार नव्हतो. गुरुजींचे पैसे राष्ट्रीयीकृत बँकेत, अगदी चोख. पण ते पडले काका.

"पोरगं माझ्या घरात राहून शिकलं," गुरुजी म्हणाले. "दहावीपर्यंत. ते कुठं लिहायचं?"

तसा रकाना नाही. मी तेवढंच सांगितलं.

मग अण्णांनी खिशातून एक कार्ड काढलं. सांगलीचा कुणी एजंट 28 दिवसांसाठी खात्यात रक्कम ठेवून द्यायला तयार होता, शेकडा दोननं. आमच्या भागात हा धंदा राजरोस चालतो. मी पोराकडे वळून बोललो, कारण भोगायचं त्याला होतं: फसवणूक ठरली तर नुसता व्हिसा जात नाही, दहा वर्षं अर्जाचं दार बंद होतं.

गुरुजींनी दुसरा मार्ग काढला. ते भावाला पैसे बक्षीस देतील, व्हिसा झाला की भाऊ परत करेल, आणि तसं मी एका कागदावर लिहून द्यावं. भावानं भावाला दिलेल्या बक्षिसावर कर नाही, हे त्यांनी कुठंतरी वाचलेलं. ते खरंही आहे. पण परत करायच्या कराराचं बक्षीस कसलं? एजंटच्या आणि या व्यवहारात व्याजाचा तेवढा फरक. असा कागद मी करणार नाही म्हटल्यावर गुरुजी गप्प झाले, अण्णा चिडले. "तुम्ही कायदाच सांगत बसा!"

वाट होती ती फीच्या आकड्यात. विद्यापीठाला फी भरून टाकली आणि ती सीएएसवर, म्हणजे विद्यापीठाच्या प्रवेश पक्का झाल्याच्या दाखल्यावर, चढली, की तेवढी रक्कम खात्यात दाखवावी लागत नाही. फी भरणारा बापच असला पाहिजे असंही नाही. गुरुजींनी स्वतःच्या पॅनवर, स्वतःच्या बँकेतून, पुतण्याच्या शिक्षणासाठी थेट 12,000 पाउंड पाठवायचे. मग अण्णांच्या खात्यात फक्त बारा लाख हवेत, आणि त्यांची ठेव चौदाची. व्हिसा नाकारला गेलाच, तर बहुतेक विद्यापीठं थोडी कापून फी ज्या खात्यातून आली त्याच खात्यात परत करतात. गुरुजींना हवी होती ती हमी बऱ्यापैकी यातच आली.

"म्हणजे पावती माझ्या नावची?" त्यांनी विचारलं. हो म्हटल्यावर त्यांनी लगेच चेकबुकसाठी कोटाचा खिसा चाचपला. त्या दिवशी चेकची गरज नव्हती.

राहिली पतसंस्था. व्यवस्थापकानं फोनवर मुदतीआधी ठेव मोडण्याचे तोटे सांगितले, मग दोन टप्प्यांत देतो म्हणाले. अण्णा तिथून थेट पतसंस्थेत गेले, आणि संध्याकाळी बँक बंद व्हायच्या आत सगळी रक्कम एकदम आरटीजीएसनं खात्यावर. तिथं काय बोलले ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. त्या खात्याचं यूपीआय बंद करायला लावलं. छाटणीआधीची मजुरी, औषधांची बिलं सगळी पोराच्या आईच्या खात्यातून. बापलेकाचं नातं दाखवायला काढलेल्या पोराच्या जन्मदाखल्यावर नावाचा रकानाच कोरा निघाला, ग्रामपंचायतीत ते नाव घालून घेण्यात एक आठवडा गेला.

व्हिसा सप्टेंबरात आला. फी पाठवताना बँकेनं दहा लाखांवरच्या रकमेवर पाच टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापला, गुरुजींचे वीसेक हजार. तो विवरणपत्रात मागता येतो. एरवी "माझं पेन्शनचं काय भरायचं" म्हणून टाळणारे गुरुजी आता दर पंधरा दिवसांनी फोन करून विचारतात, पुढच्या वर्षीचं विवरणपत्र कधीपासून भरता येईल.