शेवटचा आकडा ५ नव्हता, ६ होता

तुळशीचं लग्न झालं की मला जेवायलाही फुरसत नसते. कराडला घराच्या पुढच्या खोलीत मी लग्नपत्रिकांचं डीटीपी करते. त्या हंगामात एका काकूंच्या मुलीची पत्रिका तयार झाली, पीडीएफ काढायला गेले आणि डिझाइनचा प्रोग्राम उडाला. पुन्हा उघडला, पुन्हा पीडीएफ, पुन्हा तेच. बाकी सगळं चालायचं, मजकूर टाइप व्हायचा, गणपतीही जागेवर बसायचा. फक्त पीडीएफ म्हटलं की प्रोग्राम गायब.

व्हायरस असेल म्हणून स्कॅन केलं. रॅम असेल म्हणून विंडोजची मेमरी टेस्ट रात्रभर लावली, ती स्वच्छ आली. मग प्रोग्राम काढून नव्याने टाकला आणि दोन दिवस सुरळीत गेले. त्या दोन दिवसांनी माझा फार घात केला, कारण रोग सापडला असंच मला वाटलं. तिसऱ्या दिवशी फॉन्टची यादी खाली सरकवताना प्रोग्राम परत उडाला. दुरुस्तीवाले दादा म्हणाले, "ताई, फॉरमॅट मारून विंडोज नवीन टाकू." मी हो म्हणणारच होते.

मला थांबवलं ते कॅबिनेटवरच्या लाल दिव्याने. एरवी तो लुकलुकतो. प्रोग्राम अडकला की मात्र तो वीस-पंचवीस सेकंद न मिटता जळत राहायचा. पंखा बंद करून कान लावला तेव्हा आतून कट्ट... कट्ट... असा आवाज ऐकू आला, एकच गोष्ट परत परत करून बघावी तसा.

मग इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची बिघाडांची नोंदवही, नीट वाचलं. प्रोग्राम उडाला की तिथे १००० क्रमांकाची नोंद पडते आणि तिच्यात एक कोड असतो. तो मी आधीही पाहिला होता, पण ०एक्ससी००००००५ असा वाचला होता, कारण नेटवर सगळीकडे त्याच्यावरच उपाय सापडतात. पाच म्हणजे प्रोग्रामने नको त्या मेमरीला हात लावला. माझ्याकडे शेवटी सहा होता. सहा म्हणजे हवा असलेला तुकडा डिस्कवरून वाचताच आला नाही. सिस्टिमच्या नोंदींमध्ये ‘डिस्क’च्या नावावर ७ क्रमांकाच्या नोंदींची रांगच लागली होती: बॅड ब्लॉक, म्हणजे डिस्कवरची खराब जागा.

प्रोग्राम उघडला की तो सगळाच्या सगळा मेमरीत येतो, अशी माझी समजूत होती. तसं नसतं. विंडोज लागेल तेव्हा लागेल तेवढाच तुकडा उचलतं. पीडीएफ काढणारा तुकडा नेमका मेलेल्या सेक्टरवर, म्हणजे डिस्कच्या खराब झालेल्या कप्प्यावर होता. नव्याने टाकल्यावर त्या फाइली डिस्कवर दुसरीकडे बसल्या, म्हणून दोन दिवस निभावले.

डिस्कची तब्येत सांगणारं क्रिस्टलडिस्कइन्फो उघडलं तर डिस्क पिवळी, म्हणजे धोक्याचा इशारा. सी५ या ओळीत, म्हणजे वाचता न आलेले आणि निकालाची वाट पाहणारे सेक्टर, १८ लिहिलं होतं. ते षोडशमान, म्हणजे दहाऐवजी सोळाने मोजायच्या पद्धतीचं, आपल्या हिशेबाने २४. सी७, म्हणजे केबलमधून डेटा येताना झालेल्या चुकांचा आकडा, शून्य होता, तेव्हा केबलवर संशय घ्यायचं कारण उरलं नाही.

सगळे सांगतात, आधी चेकडिस्क, म्हणजे विंडोजचं डिस्क तपासायचं साधन, लावा. मी लावलं नाही, आणि तो निर्णय बरोबरच होता असं मला आजही वाटतं. ‘आर’ लावून दिलेलं चेकडिस्क अख्खी डिस्क घासून काढतं. मरायला टेकलेल्या डिस्कचं उरलंसुरलं बळ आधी माल बाहेर काढण्यात जावं. अकरा वर्षांच्या पत्रिका, ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ने सुरू होणारी शेकडो घरं त्यात होती. पेनड्राइव्हवर चालू कामं घेतली. फॉन्टचं फोल्डर घेताना एका फॉन्टवर कॉपी अडली: सायक्लिक रिडंडन्सी चेक, म्हणजे डिस्कवरचा डेटा नीट वाचता येत नाही. यादी सरकवताना प्रोग्राम का उडायचा, ते तिथे कळलं.

नवीन एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली डिस्क, घेताना फसता फसता वाचले. स्वस्तातली ४८० जीबीची होती, पण ५०० जीबीच्या डिस्कची सेक्टरागणिक प्रत तिच्यावर मावत नाही. ५१२ ची घेतली. लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून संगणक चालू करून खराब डिस्कची प्रत काढणारं डीडीरेस्क्यू लावलं. त्याच्या आज्ञेत आधी कुठून आणि मग कुठे, हा क्रम चुकला तर कोरी डिस्क जुनीवर उतरते आणि सगळं पुसलं जातं. यादीत ५०० ची जुनी ४६५.८जी दिसत होती, ५१२ ची नवी ४७६.९जी. दोन्हींचे मॉडेल नंबर कागदावर उतरवून तीनदा ताडून पाहिले, मगच एंटर दाबलं. हे साधन सोपा भाग आधी उचलतं आणि अडलेल्या जागी मागाहून परत येतं. कुठवर आलं याची नोंद फाइलमध्ये ठेवतं, त्यामुळे रात्री वीज गेली तरी सकाळी तिथूनच पुढे चाललं.

शेवटी ९६ केबी वाचता आलंच नाही. चेकडिस्क मग नव्या एसएसडीवर लावलं, विंडोजच्या फाइली एसएफसी या विंडोजच्याच साधनाने सुधारल्या, तो फॉन्ट मूळ सीडीवरून घेतला आणि प्रोग्राम पुन्हा एकदा टाकला. काकूंच्या पत्रिकेची पीडीएफ त्याच संध्याकाळी छापखान्यात गेली.

त्या ९६ केबीत एक जुनी पत्रिकाही गेली. फाइल उघडत नाही. तिची छापील प्रत माझ्या वहीत चिकटवलेली आहे, तिच्यावरून ती पुन्हा टाइप करायला घेतली आहे. मामा-मामींच्या नावांपर्यंत आले आहे.