परसबागेतला कडू दुधी

निफाडकडच्या आमच्या शाळेत परसबागेतली भाजी थेट पोषण आहाराच्या पातेल्यात जाते. त्या दिवशी अकराच्या सुमाराला स्वयंपाकाच्या मावशी तरातरा माझ्या वर्गाच्या दारात आल्या. हातात कापलेला दुधी. "मॅडम, चकती चाखून बघायची सवय आहे म्हणून बरं. कडूजहर आहे हा!"

मी जिभेला लावली आणि लगेच थुंकले. असा दुधी पोटात गेला तर उलट्या-जुलाबांनी माणूस थेट दवाखान्यात पोचतो. त्या वेलावरचे सगळे दुधी तोडून आम्ही खड्ड्यात पुरले.

सहावीची पोरं हिरमुसली. बी त्यांनीच राखलेलं, गेल्या वर्षीच्या दुधीचं, आणि तो तर गोड होता. "मग हा कडू कसा?" एका मुलीनं विचारलं. गणिताचा तास तिथंच सोडला आणि सगळ्यांना वेलाखाली नेलं.

दुधीच्या एकाच वेलावर नरफुलं वेगळी, मादीफुलं वेगळी. मादीफुलाच्या मागे बोटाच्या पेराएवढा लवदार दुधी आधीच बसलेला असतो. पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात, त्यावर पतंग येतात, आणि पतंगाला कुंपण कुठलं? पलीकडे ओढ्याकाठी कडू भोपळ्याचा वेल आहे. गेल्या वर्षी त्याचे पराग आमच्या फुलावर पडले असणार. फळाचा गर आईचा, म्हणून तो गोडच राहिला. आतल्या बीत मात्र आई-बाप दोघांची जनुकं उतरली. ते बी यंदा पेरलं, तेव्हा कडूपणा बाहेर आला.

"मग तो वेल उपटूया!" पोरं निघालीच होती. मी अडवलं. त्या वेलाचा काय दोष? डब्यातली पोळीसुद्धा अशाच संकरातून आली आहे. हजारो वर्षांपूर्वी पश्चिम आशियात, खपलीच्या कुळातल्या गव्हाचा एका रानगवताशी आपोआप संकर झाला. गव्हाची गुणसूत्रं 28, गवताची 14. एकानं काडीनं मातीतच बेरीज मांडली: 42. तेवढीच आजच्या पोळीच्या गव्हात आहेत. मला त्याचा फार आनंद झाला.

तेवढ्यात बागायतदाराचा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, आमच्याकडं डॉगरिजच्या खुंटावर थॉमसन द्राक्षाचं कलम भरतात. तोपण संकरच ना?" नाही. कलमात खालचा मुळांचा खुंट आणि वर बसवलेली काडी एकजीव दिसतात, पण जनुकं ज्याची त्याच्याकडं राहतात. द्राक्ष थॉमसनचंच येतं. मात्र डॉगरिज हा खुंट स्वतःच अमेरिकेतल्या टेक्सासच्या रानातला, दोन जंगली द्राक्षवेलींच्या नैसर्गिक संकरातून आलेला. खारं पाणी आणि पाण्याची ओढ तो सोसतो, म्हणून तर आपल्या बागांत आला. पोरगं गप्प होऊन ऐकत राहिलं. घरी जाऊन वडिलांना सांगणार, हे चेहऱ्यावरच दिसत होतं.

पाण्याच्या टाकीजवळ विकतच्या बियाचा दुसरा वेल आहे, त्याचे दुधी गोड. बी राखायचं तर तिथलं, असं ठरलं. दुपारीच त्याच्या एका मादीकळीवर आणि दोन नरकळ्यांवर कागदी पिशव्या बांधल्या. शाळा सुटल्यावरही आठ-दहा पोरं घरी विचारून थांबली. दिवस कलला तशा पाकळ्या सुटल्या. प्रश्न विचारणाऱ्या मुलीनं नरफूल खुडलं, पाकळ्या मागं दुमडल्या आणि पराग मादीफुलाच्या तोंडावर हलकेच टेकवले. पिशवी परत चढवली, देठाला लाल दोरा बांधला.

सकाळी प्रार्थनेआधीच सगळी त्या दोऱ्याखाली उभी होती.