पडदा फाटला नाही, भिजला

पहाटे अडीचला शुद्ध पाण्याच्या मीटरवर ८ मायक्रोसिमेन्स होते (पाण्यात क्षार शिरले की हा आकडा चढतो). तीनला ४०. साडेचारला आकडा ३०० च्या पुढे गेला तेव्हा मी पंप बंद केला. पडदा काढून उजेडात धरला. कुठेही चीर नाही, पण पांढऱ्याशुभ्र टेफ्लॉनवर पारदर्शक डाग उमटले होते. तो भिजला होता. मेम्ब्रेन डिस्टिलेशनमध्ये, म्हणजे गरम सांडपाण्याची वाफ पडद्यातून पलीकडे नेऊन शुद्ध पाणी मिळवायच्या तंत्रात, भिजलेला पडदा म्हणजे गळका पडदा.

या पडद्याला साधारण ०.२ मायक्रॉनची छिद्रं असतात. एका बाजूने ६० अंशांचं सांडपाणी, दुसऱ्या बाजूने २० अंशांचं शुद्ध पाणी. टेफ्लॉन पाण्याला जवळ करत नाही, म्हणून छिद्रांतून फक्त वाफ पलीकडे जाते. ६० अंशांना पाण्याचा बाष्पदाब सुमारे २० किलोपास्कल, २० अंशांना जेमतेम २.३, सगळं काम या फरकावर चालतं. क्षार आणि रंग अलीकडेच राहतात. (अमोनिया मात्र वाफेबरोबर निसटतो, त्यासाठी आधी पीएच उतरवावा लागतो.) लिटरमागे ७० ग्रॅमच्या आसपास क्षार झाले की नेहमीच्या आरओचा दाब पुरत नाही. तिथून पुढे हे तंत्र कामाला येतं, म्हणून माझा त्यावर जीव आहे. आमच्याकडचं पाणीही कापड रंगवण्याच्या कारखान्यातलं, आरओने मागे टाकलेलंच होतं.

घात केला वेटिंग एजंटने. कापडात रंग नीट मुरावा म्हणून ते घालतात. त्याने पाण्याचा पृष्ठताण उतरतो. जे कापड भिजवतं ते पडदाही भिजवणारच. मी सीओडीचा (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीच्या मोजमापाचा) आकडा बघून निर्धास्त राहिलो, ही माझी चूक. वर घाईत तो पडदा न धुताच सुकवला. छिद्रांत क्षार वाळून बसले आणि तासाभरात तो पुन्हा भिजला.

आता पाणी आलं की अर्धी बाटली भरून जोरात हलवतो. फेस लवकर बसला नाही, तर त्यात वेटिंग एजंट आहे असं धरून ते पाणी आधी ॲक्टिव्हेटेड कार्बनमधून जातं.

उष्णतेचं म्हणाल तर, ती परत वापरली नाही तर हजार लिटरची वाफ करायला साडेसहाशे युनिट लागतात. त्यासाठी वेगळा बॉयलर लावा असं मी कुणालाही सांगणार नाही. रंगाईच्या टाक्यांतून गरम पाणी रोज गटारात जातं, आधी ती उष्णता धरा.

नवा पडदा लावून आज अकरावा दिवस. सकाळी मीटरवर ९ होते.