वाळूवर शहाणा, डांबरावर वेडा

बग्गीवाल्याने घोडा शिकवून घ्यायला माझ्याकडे आणून उभा केला आणि तक्रार एका दमात सांगितली : "वाळूवर शहाणा होता हो, डांबरावर आला आणि वेडा झाला." अलिबागच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी कुलाबा किल्ल्यापर्यंत माणसं नेणाऱ्या घोडागाड्या असतात, तसल्या गाडीला तो जुंपला जायचा. विकणाऱ्याने सांगितलं होतं, वय सहा, गाडीला पूर्ण शिकवलेला. तोंड उघडून बघितलं तर कडेचे दुधाचे दात अजून जागेवर. ते साडेचारच्या सुमाराला पडतात, म्हणजे घोडा फार तर चार-साडेचार वर्षांचा. छातीचा घेर 155 सेंटीमीटर, अंगाची लांबी 140. घेराचा वर्ग करून लांबीने गुणायचा आणि 11,880 ने भागायचा; वजन निघालं 283 किलो. एवढ्याशा पोराला लग्नाची लोखंडी बग्गी लावायला निघाले होते.

तोंडात काटेरी लगाम. "पळतो म्हणून घातला." ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांसाठी 1965 सालापासून नियम आहेत आणि काटेरी लगामाला त्यात बंदी आहे, पण बाजारात तो राजरोस मिळतो. शिवाय उपयोग उलटाच. घोडा दुखण्यापासून पळतो, आणि दुखणं तोंडातच असेल तर पळून पळून जाणार कुठे? तो आणखी जोरात पळतो. पहिलं काम म्हणून लगाम काढून गुळगुळीत, जाड कडीचा घातला.

ट्रॅफिकला बुजतो, हे ज्याने त्याने ठरवूनच टाकलं होतं. नुसत्या मोरखीवर, म्हणजे तोंडात लगाम नसलेल्या दोरीवर, त्याला हमरस्त्याच्या कडेला उभा केला. एसटी गेली, उसाचा ट्रॅक्टर गेला, कर्णे वाजले. पठ्ठ्या गवत खात राहिला. मग अंगावर सामान चढवायच्या आधी नेहमीप्रमाणे सगळीकडून हात फिरवला, तेव्हा शेपटीच्या मुळाशी सोललेलं सापडलं. दुमची, म्हणजे शेपटीखालून जाणारा पट्टा, घासलेली. खरी खूण तिथे होती.

दुचाकी गाडी पुढे ओढली जाते छातीपट्ट्याने. पण तिला मागे रोखतं कोण? पुठ्ठ्यांमागून जाणारा, दोन्ही दांड्यांना बांधलेला पट्टा. आपल्याकडच्या बऱ्याच टांग्यांना तो नसतोच. उतारावर गाडी पुढे आली की दांड्या पाठीवरचं खोगीर पुढे ढकलतात, तंग, म्हणजे पोटाखालून जाणारा पट्टा, पुढच्या पायांच्या मागे घासतो आणि खोगिराला मागून धरून ठेवणारी दुमची शेपटीच्या मुळाला ओढते. सगळा भार त्या नाजूक जागी. त्यात शेपटीचे चार केस दुमचीखाली अडकलेले असले की जखम झालीच.

वाळूत हे कधी घडत नाही. घोडा थांबला की गाडी जागच्या जागी थांबते. भुसभुशीत वाळूत चाकाला डांबराच्या दहापट आणि त्याहूनही जास्त ओढ लागते. 300 किलोची गाडी सपाट डांबरावर पाच-सहा किलोच्या ओढीने चालते. तीस फुटांना एक फूट उतार मिळाला की तीच चार-पाच किलोच्या रेट्याने घोड्याच्या अंगावर येते. याला ओढायला उत्तम शिकवलं होतं. पेलायला कुणी शिकवलंच नव्हतं, कारण तिथे गरजच पडली नव्हती. किनाऱ्यावरच्या माणसाला मी दोष देत नाही. दोष आहे तो "गाडीला शिकवलेला" एवढ्यावर सौदा करणाऱ्या दलालांचा. कुठली गाडी, कुठली जमीन, हे कुणी विचारत नाही.

जखम भरेपर्यंत गाडी बंद. नंतर मागच्या पट्ट्यापासून सुरुवात. पुठ्ठ्याचं हाड बाहेर येतं तिथून जरासा खाली तो बसवायचा. फार खाली गेला तर मागचे पायच उचलून नेईल. ओढीचे पट्टे ताणलेले असताना मागे चार बोटं सैल हवा. पट्ट्याला दोन्ही बाजूंनी दोर लावून दोन माणसं पुढे उभी करायची आणि दोर हळूच पुढे ओढायचा. घोडा सुरुवातीला शेपूट दाबून पुढे सटकतो किंवा दुगाण्या झाडतो. ओढ वाढवायची नाही, तेवढीच धरून ठेवायची. त्याने अंग मागे टेकवलं त्याच क्षणी दोर सैल. सगळं शिक्षण त्या सैल सोडण्यात आहे, आणि हौशी लोक नेमके तिथे उशीर करतात. पंधरा मिनिटं बास.

गाडीच्या आवाजाचं वेगळं. रिकामी गाडी माणसांनी पुढे ओढायची आणि घोडा तिच्या मागे चालवायचा. लांब जाणाऱ्या वस्तूला तो घाबरत नाही. मग शेजारून, मग मागून. हे सगळं झापडांशिवाय. झापडं घालून शिकवलेल्या घोड्याने गाडी कधी बघितलेलीच नसते. पुढे एखाद्या दिवशी जुंपलेल्या घोड्याला दाण्याचा तोबरा तोंडाला लावायला कुणी लगाम उतरवतो, झापडं त्याच्याबरोबर निघतात, आणि पाठीमागचं धूड घोड्याला पहिल्यांदाच दिसतं. म्हणून सोडताना आधी मागचा पट्टा, मग ओढीचे पट्टे, मग गाडी मागे ढकलायची. लगाम सगळ्यात शेवटी. जुनेजाणते टांगेवालेसुद्धा इथे हयगय करतात, कारण म्हातारा घोडा सांभाळून घेतो.

मग उताराचा दिवस आला. कॅनॉलवरून वस्तीकडे उतरणारा मोकळा रस्ता, गाडी रिकामी, मागून आसाला दोर आणि दोरावर दोन माणसं, म्हणजे ब्रेक आमच्या हातात. उतार लागला तसा दोर इंचाइंचाने सोडत गेलो. पट्टा पुठ्ठ्यांना टेकला. कान मागे, शेपूट दाबलेली, पाठ कमानीसारखी. पळण्याआधी घोडा असाच दिसतो. "हो" म्हटलं, म्हणजे थांब. मागचे पाय पोटाखाली घेतले त्याने, बूड खाली केलं आणि गाडी पट्ट्यावर तोलून धरली. शेपूट सुटली. खाली पोचेपर्यंत दोराला ताण उरला नव्हता, दोन्ही माणसं नुसती मागे चालत आली.

बग्गीवाल्याला कळवलं तर त्याचा पहिला प्रश्न : सजावटीत तो पट्टा झाकता येईल का? बग्गीला पायाचा ब्रेक असतो, मग पट्टा कशाला, हा दुसरा. ब्रेक वेळेवर दाबणारा माणूस वरातीत शुद्धीवर असला तर ठीक. मुंबईच्या व्हिक्टोरिया घोडागाड्या बंद करायचा निकाल 2015 साली उच्च न्यायालयाने दिला, तेव्हा घोड्यांच्या हालांवर सगळे बोलले. गाडीच्या सामानात काय कमी असतं, यावर बोललेलं माझ्या तरी कानावर आलं नाही. 1965 च्या त्या नियमांत दिवसाला नऊ तास काम, सलग पाचच्या वर नाही, पारा 37 च्या वर गेला तर बारा ते तीन काम बंद, गाडीत हाकणाऱ्याशिवाय चार माणसं, असं सगळं आहे. या हद्दी कमाल आहेत, चार वर्षांच्या पोराने त्या गाठायच्या नसतात.

मी सांगितलं, वर्षभर वरात नाही. हलकी दुचाकी गाडी, दोन माणसं, रोज अर्धा तास, पट्ट्यासकट. इसार घेतलेला आहे म्हणून तो चिडला. ढोल-ताशाची सवय मी अजून सुरूच केलेली नाही, आणि तो म्हणतोय, तेवढं आठवड्यात उरकून द्या.